नंदी, बाहुली आणि चुलबंदचा पूल

आमच्या नंदी आणि बाहुली या खेळण्यांच्या भुताच्या फिल्ममधला सगळ्यात भीतीदायक शॉट कोणता, असं कोणी विचारलं तर मी अंगणाचा सांगतो. पहाटेची वेळ आहे. रात्री सारवलेलं अंगण अजून ओलसर आहे आणि त्यावर उंबरठ्यापासून तुळशीपर्यंत चाकांच्या दोन बारीक ओळी उमटल्या आहेत. तुळशीपाशी ओळी संपतात. चाकांचा लाकडी बैल कुठेच नाही. सात सेकंदांचा शॉट. तो मिळावा म्हणून माझ्या मोठ्या आईनं एका आठवड्यात पाच वेळा अंगण सारवलं. पहिल्या दिवशी शेण ओलं होतं, चाकं रुतली आणि ओळींऐवजी फराटे उठले. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, काहीच उमटलं नाही. मग तिनंच माप सांगितलं: "बोट टेकवलं की ठसा उठला पायजे, पन शेन बोटाले लागू नाही." ते माप सापडल्यावर शॉट एका दमात झाला.

मी लग्नांची शूटिंग करतो. गाव भंडारा जिल्ह्यात, लाखांदूरच्या बाजूला, चुलबंद नदीच्या काठावर. आषाढापासून दिवाळीपर्यंत लग्नं नसतात, त्यामुळे कॅमेरा कपाटात पडून असतो आणि माणसं धानाच्या रोवणीत असतात. अशाच एका पावसाळ्यात मी आणि गावातल्या चार पोट्ट्यांनी तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लेकरांच्या पोळ्याच्या, लाकडी बैलावर, नंदीवर, आठ मिनिटांची भुताची फिल्म केली होती. रात्री सगळे झोपले की बैल आपोआप चालतो, एवढीच गोष्ट. नदीपल्याडच्या गावात माझा एक मित्र मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. आमचं पाहून त्यानं पुढच्या वर्षी प्लास्टिकच्या बाहुलीची फिल्म केली. तिच्यासोबत झांजा वाजवणारं माकड, आणि दोघं मिळून एका सावकाराला संपवतात. दोन्ही फिल्मा पंचक्रोशीत मोबाईलवरून फिरल्या. मग किराणा दुकानासमोर लहान मुलांचं भांडण सुरू झालं: नंदी जिंकंल का बाहुली? एक पोरगा तर मला रस्त्यात अडवून म्हणाला, "दादा, दोघायची कुस्ती लावा ना." तिसऱ्या फिल्मची सुरुवात त्या वाक्यात आहे.

मित्रानं तेव्हा मला १९९३ सालची एक अमेरिकन फिल्म पाहायला दिली, 'डॉलमन व्हर्सेस डिमॉनिक टॉईज'. दिग्दर्शक चार्ल्स बँड. फुल मून ही त्याची कंपनी कमी पैशात भयपट काढायची, आणि खेळण्यांवर तिचा विशेष जीव. १९९१ च्या 'डॉलमन'मधला ब्रिक बार्डो हा परग्रहावरचा पोलीस. त्याच्या ग्रहावर तो सामान्य उंचीचा, पृथ्वीवर मात्र तेरा इंचांचा. १९९२ च्या 'डिमॉनिक टॉईज'मधून खुनशी खेळणी येतात, आणि त्याच वर्षीच्या 'बॅड चॅनल्स'मधून आकसून बाहुलीएवढी झालेली एक नर्स. तीन वेगळ्या फिल्मांची माणसं एका गोष्टीत आणून बसवलेली. लांबी जेमतेम तासभर, आणि त्यातलाही बराच भाग आधीच्या फिल्मांमधले तुकडे.

या जुन्या तुकड्यांवरून लोक त्या फिल्मला नावं ठेवतात. माझंही मत आहे की उजळणीत इतका वेळ जातो की खरी झुंज हाताला कमी लागते. पण मी ती तीनदा पाहिली, आणि तिसऱ्यांदा वहीपेन घेऊन. तेरा इंचांच्या माणसाला लहान दाखवायचं तर त्याच्याभोवतीच्या वस्तू मोठ्या बांधायच्या, नाहीतर कॅमेरा जमिनीला टेकवायचा. यात पैसा कमी आणि डोकं जास्त लागतं. तेरा इंच म्हणजे माझा मामा जो मोठा नंदी घडवतो त्याची शिंगांपर्यंतची उंची! हे लक्षात आलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, तरी मी मित्राला फोन लावला.

त्याच १९९३ साली आपल्याकडे महेश कोठारेंचा 'झपाटलेला' आला. रामदास पाध्यांनी घडवलेला तात्या विंचू ज्यांनी लहानपणी पाहिला, त्यांना बाहुल्यापासून भ्यायला शिकवावं लागत नाही. आमच्या बाहुलीचं अर्धं काम तात्यानं आधीच करून ठेवलं होतं. पण तात्या बोलतो, धमकावतो, चिडतो. नंदीला बोलता येत नाही, त्याचं तोंड कोरीव आहे, पाय पाट्याला ठोकलेले आहेत. एक बडबडणारी आणि एक मुका, अशी जोडी जमली तर मजा येईल, हे तिथेच ठरलं.

अडचण घरातूनच आली. मामा सुतार. पोळ्याच्या आधी दोन महिने त्यांच्या पडवीत सागवानाच्या भुशाचा ढीग असतो. आमच्या पहिल्या फिल्मसाठी त्यांनीच बैल दिला होता, पण ती पाहून ते वर्षभर माझ्याशी नीट बोलले नव्हते. आता दुसरा मागायला गेलो तर रंधा खाली ठेवून म्हणाले, "भास्या, ज्याले आपन टिळा लावतो, ज्याच्यापुढं निवद ठेवतो, त्याच्या हातून खून करवता का गा? नंदी मानसाले मारत नाही." मी म्हटलं, मामाजी, ही गोष्ट आहे. ते म्हणाले, "गोष्ट हाय म्हनून त सांगतो."

त्या रात्री मला झोप आली नाही. मामांचं खरं होतं. तान्ह्या पोळ्याला लेकरं झूल, बेगड, बाशिंग लावून नंदी सजवतात, तोरणाखाली रांगेत उभा करतात, मग घरोघरी ओढत नेतात. बायका त्याला ओवाळतात आणि पोराच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, ठेवतात. ज्या खेळण्याची पूजा होते ते खुनशी का होईल, याचं उत्तर आमच्या पहिल्या फिल्ममध्ये नव्हतंच. म्हणून ती भीती पोकळ होती.

मग आम्ही दोघं मित्र पुलावर बसलो आणि पटकथा लिहिण्याआधी नियम लिहून काढले. नंदी माणसाला मारणार नाही. कोणी पाहत असेल तर तो हलणार नाही. चाकं सरळ असल्यामुळे तो वळू शकणार नाही. वळायचं असेल तर त्याला कशावर तरी धडकावं लागेल. बाहुली बोलेल, फसवेल, कुठूनही चढेल. पण पळसाची मेढ ओलांडणार नाही.

हा शेवटचा नियम मोठ्या आईचा. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढी, ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलून "घेऊन जा गे मारबत" ओरडत शिवेबाहेर नेऊन टाकतात. रोगराई, इडापिडा, ढेकूण, खोकला, जे जे नको ते सगळं त्यांच्यासोबत जातं. मोठी आई म्हणाली, "तुमची बाहुली अवदसा हाय ना? मंग मेढीच्या आत कशी येईन?" या एका प्रश्नानं आमची गोष्ट उभी राहिली. पोळ्याच्या रात्री मंडईतली, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेतली, बाहुली पूल ओलांडून येते. दारोदार मेढी आहेत, ती परत फिरते. एका घरी पोरानं खेळता खेळता मेढ उचलून नेली आहे. ती आत शिरते. आणि त्या पोराचा नंदी, जो कोनाड्यात उभा आहे, त्याचं तोंड सकाळी दुसऱ्या बाजूला असतं.

ही गोष्ट ऐकवल्यावर मामांनी काही न बोलता नवा नंदी घडवायला घेतला. त्यांनी चाकांचे आस मुद्दाम थोडे सैल ठेवले, म्हणजे खडखड आवाज जास्त होईल. हे मी सांगितलं नव्हतं.

बाहुलीवर मित्रानं जी मेहनत घेतली ती मला मुळातून सांगायची आहे. आडवी केली की डोळे मिटणारी बाहुली सगळ्यांनी पाहिली असेल. तिच्या डोळ्यांच्या मागे एक वजन असतं, बाहुली आडवी झाली की ते खाली झुकतं आणि पापणी मिटते. मित्रानं डोकं उघडलं, आतलं वजन काढलं आणि उलट बाजूला चिकटवलं. आता बाहुली उभी असली की डोळे मिटलेले, आणि झोपवली की उघडे. आई लेकीशेजारी बाहुली झोपवते, दिवा मालवते, आणि बाहुलीचे डोळे सावकाश उघडतात. यात ना संगणक, ना दोरा. माकडासाठी त्यानं उतरलेले सेल शोधले. नव्या सेलवर माकड भराभर झांजा वाजवतं आणि खेळणं वाटतं. उतरलेल्या सेलवर हात अर्ध्यात थांबतो, मग अचानक पडतो. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाकडून तो महिनाभर रिमोट आणि घड्याळातले जुने सेल मागत होता.

बाहुली चालवायची होती फोटो जोडून. सेकंदाला बारा फोटो धरले तर मिनिटाला सातशे वीस. प्रत्येक फोटोआधी बाहुलीचा पाय किंचित पुढे, हात किंचित वर, आणि माणसानं चौकटीबाहेर व्हायचं. आम्हाला अडीच मिनिटं हवी होती, म्हणजे अठराशे फोटो. दिवसा केलं तर ढग येतात-जातात आणि फिल्ममध्ये उजेड थरथरतो. रात्री बल्बखाली केलं तर व्होल्टेज कमी-जास्त होतं आणि भिंत कधी पांढरी, कधी पिवळी दिसते. धानाच्या पाण्यासाठी पंप सुरू झाले की हमखास. शेवटी बॅटरीवरचे दोन एलईडी दिवे घेतले, खिडकीला गोणपाट लावलं आणि मोबाईलचा उजेडाचा आणि रंगाचा आपोआप बदल बंद करून टाकला. या शेवटच्या गोष्टीकडे नव्या मुलांनी नीट लक्ष द्यावं. फोन प्रत्येक फोटोला स्वतःच्या मनानं उजेड ठरवत राहिला तर कितीही मेहनत घ्या, ती दिसत नाही. आमचे पहिले चारशे फोटो त्यामुळेच टाकून द्यावे लागले. पुढचे सहाशे एका मेमरी कार्डासोबत गेले. कार्ड वाचलंच जाईना. मित्र दुकान बंद करून घरी गेला, दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि पहिल्या फोटोपासून सुरू केलं. त्यानंतर आम्ही दर पन्नास फोटोंनी कॉपी काढायचो.

नंदी सोपा होता. त्याला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, बांधायचा आणि ओढायचा. ढिवरांच्या पोरांनी जाळ्यातला बारीक तंगूस दिला. तो उजेडात चमकतो, म्हणून काळ्या स्केचपेननं रंगवला. नंदी मोठा दिसावा म्हणून कॅमेरा धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, खाली धानाच्या शेतात, चिखलात पाटी टाकून तिच्यावर. नंदी कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर आणि पोरगा तीस पावलं मागे. मोबाईलचं भिंग रुंद असल्यामुळे नंदी गावच्या खऱ्या बैलाहून थोराड दिसला. मागे आभाळ भरून आलेलं. हा शॉट मी आजही कधी कधी नुसता उघडून पाहतो.

झुंज पुलावर होती, आणि पूल पाण्याखाली गेला. भाद्रपदाच्या तोंडावर चुलबंदला पूर आला, चार दिवस दोन्ही गावं तुटली. मी अलीकडे नंदी घेऊन, मित्र पलीकडे बाहुली घेऊन. पोळा जवळ आला होता, थांबायला वेळ नव्हता. फोनवर एकच गोष्ट ठरवली: नंदी कायम डावीकडून उजवीकडे जाईल, बाहुली कायम उजवीकडून डावीकडे येईल. मग मी आमच्या बाजूच्या कठड्यापाशी माझं चित्रण केलं, त्यानं त्याच्या बाजूच्या कठड्यापाशी त्याचं. दोन्ही तुकडे संगणकावर शेजारी ठेवले आणि एक आड एक लावले, तर एकमेकांवर धावून जाणारी दोन खेळणी तयार. मधल्या तांबड्या पाण्याचा शॉट दोघांकडेही होता. पूर नसता तर ती झुंज इतकी चांगली झाली नसती. प्रत्यक्ष धडक तेवढी पाणी उतरल्यावर एकत्र घेतली.

त्या धडकेत बाहुलीचा फ्रॉक पेटतो. आम्ही कापूर जास्त ठेवला. जाळ नंदीच्या डाव्या शिंगाला लागला आणि मी पोत्यानं विझवेपर्यंत शिंग अर्धं कोळशासारखं झालं. मामांना दाखवायला नेलं तेव्हा माझे हात कापत होते. त्यांनी शिंगावरून अंगठा फिरवला, अंगठ्याचं काजळ पाहिलं आणि म्हणाले, "लढला ना? मंग राहू दे."

रक्ताचं थोडक्यात सांगतो. कुंकू तेलात कालवलं तर कॅमेऱ्यात केशरी दिसतं. साखरेच्या पाकात खायचा लाल रंग आणि चहाचा दाट काढा घातला तर बरोबर दिसतं, पण दहा मिनिटांत मुंग्या येतात. रक्त शेवटी घ्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची दोन टोळकी झाली. एक सिंदी रेल्वेला गेलं. वर्धा जिल्ह्यातल्या या गावचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. तिथले लाकडी नंदी माणसाहून उंच असतात आणि ते ओढायला माणसंच माणसं लागतात. गर्दीच्या डोक्यावरून सरकत जाणारं नंदीचं तोंड आम्हाला हवं होतं. पोराला स्वप्नात आपला नंदी केवढा दिसतो, त्यासाठी. दुसरं टोळकं नागपूरला मारबतीच्या, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. त्या गर्दीत कॅमेरा धरणाऱ्या पोराचा एक जोडा हरवला, पण काळ्या मारबतीचं तोंड भिंगात पूर्ण भरलेलं त्यानं आणलं. आमच्या फिल्मच्या शेवटी लेकरं जळकी बाहुली पळसाच्या मेढीला बांधून शिवेबाहेर नेतात. तिथे दोन सेकंद ते तोंड येतं. आमच्या गावातली पंधरा पोरं आणि नागपूरचा महापूर, दोघांचं ओरडणं एकच आहे, म्हणून आवाज जोडताना सांधा कुठेच दिसला नाही.

बाहुलीचा आवाज झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकात तीस वर्षं काम केलेल्या एका मावशींनी दिला. वडशाच्या नाटक कंपन्यांबरोबर त्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्र-रात्र उभ्या राहिलेल्या. आम्ही आधी आवाज संगणकावर बारीक करून पाहिला, तो सिनेमातल्या सिनेमासारखा वाटला. मावशी म्हणाल्या, एक माठ आणा. रिकाम्या माठात तोंड घालून त्यांनी अगदी हळू, लाडानं म्हटलं, "दार उघड ना गा, मले थंडी वाजते." खोलीत आम्ही सहा जण होतो. कोणीच काही बोललं नाही. माझ्या बायकोनं उठून दिवा लावला.

एकवीस मिनिटांची फिल्म झाली. त्यात साडेतीन मिनिटं आमच्या दोन्ही जुन्या फिल्मांमधली आहेत. नदीपल्याडच्या सगळ्यांनीच नंदीची फिल्म पाहिली नव्हती, अलीकडच्या सगळ्यांनी बाहुलीची; ओळख करून द्यायलाच हवी होती. चार्ल्स बँडची ती सवय तेव्हा मला पटली. मात्र आम्ही मोठ्या आईला गोष्ट सांगायला बसवलं आणि तिच्या तोंडून, मधे मधे, ते तुकडे दाखवले. एकत्र ओतले नाहीत.

दिवाळीनंतर आमच्या गावच्या मंडईत रात्री नाटकाचा पडदा उघडायच्या आधी फिल्म दाखवली. सिनेमाचा पडदा नव्हता, मंडपवाल्याचं पांढरं कापड ताणून बांधलं. वाऱ्यानं ते हलत होतं. नदीपल्याडचे लोक बैलगाड्या नि मोटरसायकलींवर आले होते आणि त्यांची पोरं एका बाजूला, आमची दुसऱ्या बाजूला बसली होती. बाहुलीचे डोळे उघडले तेव्हा पुढच्या रांगा मागे सरकल्या. अंगणातल्या चाकांच्या ओळी आल्या तेव्हा मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "आला!" नंदी चौकटीत नव्हता. झुंजीच्या वेळी पलीकडची पोरं बाहुलीच्या नावानं ओरडत होती, आणि मारबतीचं ओरडणं सुरू झालं तसं दोन्हीकडची पोरं एकाच सुरात "घेऊन जा गे मारबत" म्हणायला लागली. मित्र माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माझं मनगट धरलं होतं, ते फिल्म संपेपर्यंत सोडलं नाही.

नंदी ज्या पोरानं फिल्ममध्ये ओढला, त्यालाच मामांनी तो देऊन टाकला. यंदा तान्ह्या पोळ्याला मामांनी शिंग बदलून देतो म्हटलं तर पोरगा नाही म्हणाला. बेगड लावली, झूल घातली, उजव्या शिंगाला सोनेरी कागद गुंडाळला, डावं काळंच ठेवलं. संध्याकाळी तो आमच्याकडे बोजाऱ्याला आला, मागे आणखी अकरा नंदी. मोठी आई दारात ताट घेऊन उभी होती. तिनं दुपारी मुद्दाम उशिरा अंगण सारवलं होतं आणि आम्हाला कोणालाच त्यावर पाय ठेवू दिला नव्हता. पोरं थबकली. ती म्हणाली, "या गा, या. चाकं उमटू द्या." तिनं आधी त्या नंदीला टिळा लावला, मग जळक्या शिंगावर बोटभर लोणी चोपडलं.